कर्करोगी, त्याचे कुटुंब आणि आपण : पादचतुष्टयाच्या दृष्टीने काही विचार

प्रस्तावना

कर्करोगाचे निदान झालेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात बहुधा दोन वेळा येतो. पहिल्यांदा येतो तो निदान होताच, शस्त्रकर्म टळावे या आशेने. दुसऱ्यांदा येतो तो सर्व उपचार संपल्यावर, 'आता घरी न्या' असे सांगितले गेल्यानंतर. या दोन भेटींमधील काही महिने तो आपल्याकडे फिरकत नाही, आणि आपणही त्याची चौकशी करीत नाही. वास्तविक त्याच काळात त्याला आणि त्याच्या घराला आपली गरज सर्वाधिक असते. मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ असतात, यंत्रे असतात, औषधे असतात. परंतु त्या घरातील माणसे, त्यांचे स्वभाव, त्यांची सांपत्तिक स्थिती आणि त्यांची भीती ठाऊक असलेला वैद्य मात्र त्यांच्या गावीच राहिलेला असतो.

प्रस्तुत लेखात कर्करोगाच्या औषधी चिकित्सेची चर्चा केलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अर्बुदवर्णन आणि त्याची आजच्या कर्करोगाशी तुलना हा विषय वाचकांना सुपरिचित आहे. येथे विचार करावयाचा आहे तो रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला द्यावयाच्या मानसिक आणि व्यावहारिक आधाराचा. विवेचनाच्या सोयीसाठी मुखाच्या कर्करोगाचे उदाहरण घेतले आहे. तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांमुळे आपल्या प्रांतात हा रोग प्रत्येक वैद्याने पाहिलेला आहे.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. यांतील परिचारकाचे चार गुण आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे ते गुण होत. परीक्षेत ते लिहून गुण मिळविल्यानंतर मात्र या पादाकडे आपले दुर्लक्ष होते. रुग्णासोबत आलेली पत्नी वा सून दाराजवळ उभी असते, आणि आपण नाडी पाहून औषधाची चिठ्ठी तिच्या हाती देतो. एवढ्यावर तिचा आणि आपला संबंध संपतो.

रुग्णाच्या गुणांमध्ये अभीरुत्व सांगितले आहे. ते प्रत्येकाच्या ठायी उपजत असेल असे नाही, आणि कर्करोगाचे नाव ऐकल्यावर तर धीराच्या माणसाचेही ते ढळते. ते परत मिळवून देणे हीच सत्त्वावजय चिकित्सा होय. अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने तिची गणना केलेली आहे, हे विसरता कामा नये. सुश्रुताचार्यांनीही व्रणिताच्या उपासनेचा विचार करताना, प्रिय बोलणाऱ्या सुहृदांच्या गप्पागोष्टींनी वेदनेचा विसर पडतो, असे आवर्जून नमूद केले आहे. तात्पर्य, रुग्णाभोवतीची माणसे हा चिकित्सेचाच भाग आहे.

आमची एक चूक

शास्त्र ठाऊक असूनही चूक कशी होते, हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतील एक गृहस्थ पत्नी व धाकट्या भावासह आमच्याकडे आले. जिभेच्या कडेला दोन महिने न भरणारा व्रण होता. तुकडा काढून तपासणी झालेली होती, कर्करोगाचे निदान निश्चित होते, आणि शस्त्रकर्माचा सल्ला मिळालेला होता. भावाने विचारले, "डॉक्टर, तुमच्या औषधाने कापाकापी टळेल का?"

आम्ही म्हणालो, "बघू या. महिनाभर औषध घ्या, बाकीच्या तपासण्याही चालू ठेवा."

हे उत्तर खोटे नव्हते. परंतु स्पष्टही नव्हते. त्या घराने त्यातील 'बघू या' एवढेच ऐकले. एका महिन्याचे अडीच महिने झाले. मग मानेत गाठ लागली आणि ते घाबरून मुंबईला गेले. तोवर शस्त्रकर्म मोठे झाले होते. जिभेचा अधिक भाग आणि मानेतील ग्रंथी काढाव्या लागल्या, पुढे किरणोपचारही घ्यावे लागले. आधी गेले असते तर सर्व काही सुरळीत झाले असते असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. तथापि ते अडीच महिने आमच्या मोघम बोलण्यामुळे गेले, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. नंतर त्या बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही 'नाही टळणार' म्हणाला असतात, तर आम्ही दुसऱ्या दिवशीच गाडी धरली असती."

तेव्हापासून आम्ही पहिल्या भेटीचा नियम करून टाकला आहे. शस्त्रकर्म, किरणोपचार वा रसायनोपचार यांचा सल्ला मिळालेल्या रुग्णाला आम्ही प्रथम हेच सांगतो की, "हा उपचार आमच्या औषधाने टळणार नाही. तो वेळेवर घ्या. तो घेत असताना आणि घेतल्यावर आम्ही तुमच्यासोबत आहोत." यातील शेवटचे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. नुसता नकार ऐकलेला रुग्ण दुसऱ्या दाराशी जातो, आणि तेथे त्याला 'हमखास गुण' मिळण्याचे आश्वासन देणारा कोणी भेटतो. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार निषिद्ध आहे. तरीही असे दावे थांबलेले नाहीत, हे आपण सर्व जाणतो.

निदान सांगावे किंवा नाही

"त्यांना सांगू नका, ते खचतील," ही विनंती प्रत्येक कुटुंब करते. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला केलेल्या उपदेशात, आणि पुन्हा इंद्रियस्थानात, मरणाची वार्ता सांगितल्याने रुग्णाला वा इतरांना आघात होणार असेल तर ती सांगू नये, असा निर्देश आहे. याचा आधार घेऊन काही वैद्य निदानच लपवितात. आमच्या मते हा अर्थ योग्य नाही. तो निर्देश अरिष्टलक्षणांच्या, म्हणजे अटळ मरणाच्या संदर्भातील आहे. ज्याला उपचारांचा निर्णय घ्यावयाचा आहे त्याच्या व्याधीच्या नावाविषयी नाही. सहा आठवडे किरणोपचार घेणाऱ्या माणसाला आपणांस काय झाले आहे हे कळत नाही, असे मानणे हा भ्रम आहे. रुग्णालयाच्या फलकावरच रोगाचे नाव असते. तो जाणतो, घरचे जाणतात, आणि दोघेही एकमेकांसमोर न जाणल्याचा बहाणा करीत राहतात. त्या एकटेपणाचा त्रास रोगाहून कमी नसतो.

अशा वेळी आम्ही पुढील क्रम पाळतो. रुग्णाला एकट्याला, बसून, दार लावून विचारावे, "तुम्हाला काय सांगितले आहे? तुम्हाला स्वतःला काय वाटते?" त्याच्या उत्तरावरून त्याला किती ठाऊक आहे हे कळते. नंतर, "आणखी जाणून घ्यावेसे वाटते का?" असे विचारावे. तो 'हो' म्हणाला तर साध्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे आणि थांबावे. तो 'मुलाला विचारा' म्हणाला तर त्याच्या इच्छेचा मान राखावा. डोळ्यांत पाणी आले तर लगेच औषधाविषयी बोलू लागू नये. शांत बसून राहावे. पाश्चात्त्य वैद्यकात बेली, बकमन आदींनी २००० मध्ये अशाच स्वरूपाची सहा पायऱ्यांची पद्धती मांडली. आपल्याकडील त्रिविध परीक्षेतील 'प्रश्न' या अंगाचाच तो विस्तार आहे असे म्हणण्यास हरकत नसावी.

किती दिवस उरले, या प्रश्नाला आकड्यात उत्तर देऊ नये. आकडा चुकतो आणि घरातील माणसे तो मोजत बसतात.

उपचारकाळ : घराची तयारी

मुखाच्या कर्करोगात किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, सहा ते साडेसहा आठवडे चालतात. गावातील कुटुंबाच्या दृष्टीने याचा अर्थ दीड-दोन महिने परक्या शहरात राहणे असा होतो. औषधांच्या खर्चाइतकाच राहण्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा प्रश्न असतो. उपचार अर्धवट सोडण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. म्हणून वैद्याने पुढील गोष्टी स्वतः माहीत करून घ्याव्यात व कुटुंबाला लिहून द्याव्यात.

१) कागदपत्रे : सर्व अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत. तुकड्याच्या तपासणीचा मूळ अहवाल आणि प्रयोगशाळेतील काचपट्ट्या व मेणातील ठोकळा मागून घ्यावा. दुसऱ्या रुग्णालयात त्यांची फेरतपासणी होते. शिधापत्रिका व आधार यांच्या प्रती सोबत असाव्यात.

२) आर्थिक साहाय्य : २०१२ मध्ये सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२४ पासून राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचा लाभ असून मर्यादा प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपये आहे. ती केवळ संलग्न रुग्णालयातच लागू होते; म्हणून दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राची भेट घ्यावी. मोठ्या रुग्णालयांतील समाजसेवा विभागाकडे जाण्यास अनेक कुटुंबे संकोचतात. तेथे जाणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हे त्यांना आपण सांगावे लागते. जमीन वा दागिने मोडण्यापूर्वी या वाटा पाहाव्यात.

३) प्रवास व निवास : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला व सोबत्याला रेल्वेत सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. मुंबईत १९४१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारखी निवासस्थाने आहेत. जागा मर्यादित असल्याने आधी चौकशी करावी. सर्वांनीच मुंबई गाठणे आवश्यक नसते. बार्शीसारख्या ठिकाणीही कर्करोगाचे रुग्णालय आहे, आणि घराजवळचा उपचार पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते.

४) भेटीची तयारी : तज्ज्ञांकडे जाताना दोघांनी जावे. प्रश्न आदल्या दिवशी वहीत लिहावेत आणि उत्तरेही त्याच वहीत लिहावीत. घाबरलेल्या माणसाला ऐकलेले निम्मेही आठवत नाही.

किरणोपचारापूर्वी दातांची तपासणी होणे आवश्यक असते, हेही कुटुंबाला सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मुखपाक सुरू होतो. तेव्हा तिखट, आंबट व गरम पदार्थ वर्ज्य करून मऊ भात, पेज, मुगाचे वरण, दुधातील नाचणीचे सत्त्व असा आहार द्यावा. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक-एक चहाचा चमचा मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. नाकातून नळी घालावी लागली तर पुष्कळ घरांत रडारड होते. ती नळी शेवटाची खूण नसून भरण-पोषणाची तात्पुरती सोय आहे, एवढे समजावले तरी घर शांत होते.

या काळात आपली मर्यादा

रुग्ण तज्ज्ञांना न सांगता आपल्याकडून काढे, चूर्णे, रसकल्प घेतो हे सर्वश्रुत आहे. ही चोरी आपणच थांबविली पाहिजे. आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव चिठ्ठीवर स्वच्छ लिहून ती चिठ्ठी रुग्णालयात दाखविण्यास सांगावे. किरणोपचाराच्या जागेवर कोणताही लेप वा तेल तज्ज्ञांच्या अनुमतीविना लावू नये. तोच नियम गंडूष व कवल यांना लावावा. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने वृक्कांवर आधीच भार असतो, तेव्हा रसकल्प देण्याचे धाडस करू नये. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यावर आपल्या क्षेत्रातून आक्षेप घेतले गेले. वाद कसाही मिटो, रसायनोपचार चालू असताना यकृतावर दुहेरी भार नको, एवढा विवेक आपण बाळगावा.

दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या आहेत. रसायनोपचारानंतर श्वेतपेशी घटतात. त्या काळात गव्हांकुराचा कच्चा रस, न शिजविलेल्या कोशिंबिरी आणि उघड्यावरची फळे रुग्णाला अपायकारक ठरू शकतात. दुसरी गोष्ट ज्वराची. ज्वर म्हणताच लंघन व पाचन आपल्या मनात येते. रसायनोपचार चालू असलेल्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर आला तर मात्र ते विचार बाजूला ठेवावेत आणि त्याला तत्काळ, रात्र असली तरी, रुग्णालयात पाठवावे. येथे सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते. हे वाक्य प्रत्येक कुटुंबाच्या वहीत पहिल्या पानावर असावे.

परिचारकाची चिकित्सा

वर उल्लेखिलेल्या गृहस्थांच्या पत्नी किरणोपचाराच्या काळात पतीसह धर्मशाळेत राहिल्या. परतल्यावर त्या पतीचे औषध नेण्यासाठी आल्या तेव्हा आम्ही प्रथमच त्यांना विचारले, "वहिनी, तुम्ही कशा आहात?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कळले की दोन महिने त्यांची झोप तीन-चार तासांवर आली होती, स्वतःची रक्तदाबाची गोळी त्यांनी बंद केली होती, आणि पतीला गिळता येत नाही म्हणून स्वतः भाकरी खाणे त्यांना अपराध वाटत होता.

तेव्हापासून परिचारकासाठी आम्ही वेगळा केसपेपर करतो. त्यात निद्रा, आहार, स्वतःचे जुने विकार, पाठदुखी आणि मनःस्थिती यांची नोंद असते. कामाची वाटणी करण्यासाठी घरातील सर्वांना एकदा एकत्र बसवितो. एकाने रात्र जागावी, दुसऱ्याने कागदपत्रे पाहावीत, तिसऱ्याने मुलांची शाळा सांभाळावी. जो नातेवाईक केवळ सल्ले देतो त्याला एखादे ठरावीक काम द्यावे. सल्ले आपोआप कमी होतात. कर्करोग स्पर्शाने, ताटवाटीने वा एकत्र झोपण्याने पसरत नाही, हे मोठ्याने आणि सर्वांसमोर सांगावे. आजही अनेक घरांत रुग्णाचे भांडे वेगळे ठेवले जाते, आणि ते पाहून रुग्ण मनातून खचतो.

घरातील मुलांनाही त्यांच्या वयानुसार खरे सांगावे. 'बाबा गावाला गेले' असे सांगितलेल्या मुलाला स्वतःच्याच हातून काही चुकले असे वाटू लागते. परिचारकाच्या किंवा रुग्णाच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा वारंवार येत असेल तर मेध्य औषधांवर विसंबून न राहता मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते.

वेदना आणि अंतकाळ

सुमारे दीड वर्षाने त्या गृहस्थांचा रोग उलटला. आता वेदनेचा प्रश्न होता. तज्ज्ञांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पण भावाने त्या कपाटात ठेवल्या, कारण 'सवय लागेल'. ही भीती सार्वत्रिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे वाढविण्याची पद्धती सांगितली असून तीव्र वेदनेत मॉर्फीनचे स्थान त्यात निश्चित आहे. गोळी वेदना असह्य झाल्यावर नव्हे, तर ठरलेल्या वेळी द्यावयाची असते. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसनाचे भय बाळगण्याचे कारण नसते. मलावष्टंभ मात्र हमखास होतो, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून हवे. आपल्या परिचयाची सोनामुखी आधुनिक वैद्यकातही याच कामी वापरतात. पाणी कमी पिणाऱ्या रुग्णाला इसबगोल देऊ नये. पोट फुगून उलट्या होत असतील तर विरेचन न देता रुग्णालयात पाठवावे.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री ते सलग झोपले. मग त्यांनी खुणेने पाटी मागितली आणि मुलीच्या लग्नासंबंधी तीन ओळी लिहिल्या. वेदना थांबल्याखेरीज माणसाला स्वतःच्या माणसांशी बोलता येत नाही, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

ज्यांना घरी सांभाळणे अशक्य होते त्यांच्यासाठी मुंबईत वांद्रे येथे १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, तर पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. अशा केंद्रांत पाठविणे म्हणजे रुग्णाला टाकणे, असे कुटुंबाला वाटते. तो समज आपल्या शब्दानेच दूर होऊ शकतो. शेवटच्या दिवसांत अन्नाची इच्छा मावळते. तेव्हा बळेच भरवू नये. ओठ ओले ठेवणे, कूस बदलणे, हात हातात घेणे हीच त्या वेळची परिचर्या होय.

चरकाचार्यांनी वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत मैत्री, कारुण्य आणि साध्य रुग्णाविषयी प्रीती यांनंतर उपेक्षा सांगितली आहे. ती 'प्रकृतिस्थ' माणसांविषयी असून तेथे प्रकृती म्हणजे मृत्यू असा अर्थ टीकाकार करतात. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. त्यामुळे असाध्य रुग्णाला सोडून द्यावे असा समज रूढ झाला. आमच्या अल्पमतीनुसार येथे वैद्याने रोगाशी झगडण्याचा आग्रह सोडावा, एवढेच अभिप्रेत आहे. आग्रह सोडावयाचा आहे, रुग्ण नव्हे.

उपसंहार

ते गृहस्थ घरीच, आपल्या माणसांत गेले. तेराव्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. काही देण्यासारखे नव्हते. तासभर बसलो आणि वहिनींचा रक्तदाब पाहून आलो. त्यांनी जपून ठेवलेली ती वही दाखविली. प्रश्न, उत्तरे, ज्वराचे आकडे, गोळ्यांच्या वेळा, सर्व काही तीत होते. पुढे गावातील आणखी एका कुटुंबावर हीच वेळ आली तेव्हा ती वही त्या स्वतःहून घेऊन गेल्या.

कर्करोगाच्या चिकित्सेत आपण काय करू शकतो, असा प्रश्न तरुण वैद्य वारंवार विचारतात. स्पष्ट बोलणे, वेळेवर पाठविणे, पाठविल्यावर संबंध न तोडणे, परिचारकाची प्रकृती पाहणे आणि अखेरीपर्यंत येत-जात राहणे, हे त्याचे उत्तर आहे. यासाठी नवे औषध लागत नाही. चार पादांपैकी तिसऱ्या पादाचे स्मरण लागते. वाचक वैद्यबंधुभगिनींनी आपापल्या गावातील किमान एका अशा कुटुंबाची वही सुरू करून द्यावी, ही नम्र विनंती.